आई नाशिकला एकटी राहणार असेल तर

"तुला काही अडचण येते का गं?" असं आईला विचारून उपयोग नाही, "मला काय धाड भरलीय!" हेच उत्तर मिळेल. त्यापेक्षा वही घेऊन दोन रात्री मुक्कामाला जा. आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, अंथरुणातून उठणं, लघवी-शौचावरचा ताबा आणि जेवणं, डॉक्टरही ही सहा कामं तपासतात. प्रत्येकापुढे लिहा: स्वतः, आधाराने, की दुसऱ्याने करायचं.

क्षमतेतली घसरण मात्र बहुतेकदा आधी वेगळीकडे दिसते. औषधांच्या पट्ट्या मोजा. तारखेच्या मानाने गोळ्या जास्त उरल्या असतील तर त्या चुकताहेत. माझ्या आईच्या तीन पट्ट्या देवघराच्या खणात निघाल्या, आणि मी महिनोन्‌महिने फोनवर "गोळी घेतलीस ना?" विचारत होते. फ्रिज उघडा, विजेचं बिल भरलंय का पाहा, तिला फोन लावू द्या.

मग खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, वळून, परत येऊन बसायला सांगा. नेहमीच्या चपला, नेहमीची चाल, काठी असेल तर काठीसह. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरायचा आणि डॉक्टरांना दाखवायचं. तुम्ही शेजारीच उभे राहा.

पंचवटीतल्या जुन्या वाड्यात असाल तर जिना आणि मोरी नीट पाहा. रात्री दिवा न लावता पलंगापासून संडासापर्यंत स्वतः चालून बघा, कुठे दिवा आणि कुठे धरायला दांडा हवा ते तिथेच कळतं. टॉवेलची दांडी माणसाचं वजन पेलत नाही. कुंभमेळ्याच्या पर्वण्यांना रामकुंडाच्या बाजूचे रस्ते बंद होतात, तेव्हा औषधं आधीच भरा.

कागद तयार ठेवा: वयाची 70 वर्षं पूर्ण असल्यास आयुष्मान कार्ड (सरकारी आरोग्य विम्याचं), आणि पेन्शन असेल तर नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला. फोनजवळ मोठ्या अक्षरांत रुग्णवाहिकेचा 108 आणि ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा 14567.

मदत कोणती आणि कोणाची, हे तिलाच ठरवू द्या. आमच्या आईने स्वयंपाकाला बाई ठेवू दिली नाही, पण मोरी घासायला आणि दळण आणायला आनंदाने ठेवली. जादा किल्ली शेजारच्या वहिनींकडे, तीही तिच्याच हाताने. पुढची पाहणी तीन महिन्यांनी. मध्येच पडली किंवा दवाखान्यातून घरी आली तर त्याच आठवड्यात.