आषाढात खून केला आणि फसले

रहस्यकथा लिहिणाऱ्यांना 'घराबाहेर पडा' हे आता सांगावं लागत नाही, सगळेच पडतात. कुठे आणि कधी पडायचं यावर मात्र माझी मतं आहेत. ती रजा, पैसे आणि एक अख्खी कादंबरी घालवून मिळवलेली आहेत.

आधी सत्र न्यायालयात जा. खटले खुल्या कोर्टात चालतात. मोबाइल बंद करून मागच्या बाकावर बसलात तर सहसा कोणी हटकत नाही. (बलात्काराचे खटले बंद दाराआड चालतात, तो नाद सोडा.) पहिले दोन दिवस नुसत्या तारखा पडतील, कंटाळा येईल, बसून राहा. पंच फितूर होतो तेव्हा सरकारी वकिलाच्या कपाळावर आठीसुद्धा पडत नाही, हे मला तिथेच कळलं.

'कोणी निवृत्त इन्स्पेक्टर ओळखीचे आहेत का?' हा नव्या लेखकांचा लाडका प्रश्न. माझं ऐका, साहेब नकोत, त्यांचा रायटर, म्हणजे त्यांची कागदपत्रं लिहिणारा पोलीस, शोधा. साहेब आपण उलगडलेल्या केसेस सांगतात. पंचनामा रात्री दोन वाजता कोणाच्या गाडीच्या बॉनेटवर लिहिला, पंच कुठून धरून आणले, हे रायटरला ठाऊक असतं. शिवाय साहेबांच्या जिभेवर अजून 'तीनशे दोन'च. १ जुलै २०२४ पासूनच्या खुनाला भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ लागतं. तुमचा खून त्याआधीचा असेल, तर ३०२च ठेवा.

आता माझी फजिती.

माझं प्रेत कुलाब्याच्या ससून डॉकवर सापडतं. त्यासाठी दोनदा गेले. आदल्या रात्री गिरगावात मावशीकडे मुक्काम, पहाटे अंधारात डॉकवर. लिलावाची आरडाओरड, बर्फाचा चुरा, कोळंबी सोलत बसलेल्या बायका, साडीला आठवडाभर राहिलेला वास, सगळं वहीत उतरवलं. (फोटो काढू देत नाहीत. बरंच आहे, फोटो काढला की माणूस बघायचं सोडतो.) घरी येऊन प्रकरण लिहिलं: जुलैचा मध्य, मुसळधार पाऊस, ऐन लिलावात बर्फाखालून हात बाहेर येतो, रक्त पावसाने धुऊन नेलेलं.

पुस्तक आल्यावर एका कोळी वाचकबाईंचा फोन आला. "ताई, आषाढात लिलाव कुठला लावलात? तेव्हा आमच्या बोटी बांधलेल्या असतात."

१ जून ते ३१ जुलै महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. माशांच्या विणीचा काळ, त्यात समुद्र खवळलेला. बिगरयांत्रिक होड्यांना सूट आहे, पण मी वर्णन केलेले ट्रॉलर आणि त्यांच्या राशी त्या दोन महिन्यांत तिथे नसतातच. मी दोन्ही वेळा गेले होते फेब्रुवारीत.

मी जागा बघून आले होते, कादंबरीतली तारीख बघायची राहिली. भरतीचंही तेच. अष्टमीला उधाण लिहाल तर कोळीवाड्यात हसतील. उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, अष्टमीला भांग, म्हणजे कमी जोराची भरती. शेतात प्रेत पुरणार असाल तर त्या महिन्यात तिथे नांगर आहे की उभा ऊस, ते बघा. दुसऱ्या हंगामात जाणं जमणारच नसेल, तर तिथल्याच माणसाला एवढंच विचारा: "अमुक महिन्यात, अमुक वाजता इथे कोण असतं?" हा प्रश्न मी विचारला नाही. समोर पन्नास बायका बसल्या होत्या.

घाबरू नका. अशा चुका पहिल्या खर्ड्यात होणारच, तिथे त्या दुरुस्त करायला दमडी लागत नाही. माझ्या वाचकांपैकी बहुतेकांना ती दिसलीही नाही. मला मात्र दर पावसाळ्यात दिसते. खून १ ऑगस्टनंतर ढकलला असता तर लिलावही मिळाला असता आणि पाऊसही. दुसऱ्या आवृत्तीत बदलायचं ठरवलंय. पहिलीच्या दोनशे प्रती अजून माळ्यावर आहेत.