कमांडमध्ये फायरफॉक्स, चाललं क्रोम

आमची रिग्रेशन सूट (जुनं काही बिघडलं नाही ना, हे तपासणाऱ्या ऑटोमेटेड टेस्टचा संच) रोज रात्री दोनदा चालायची, एकदा क्रोमवर आणि एकदा फायरफॉक्सवर. सकाळी दोन्ही रिपोर्ट हिरवे असायचे. मग एका रिलीजनंतर तक्रार आली की फायरफॉक्समध्ये फॉर्मचं सेव्हचं बटण दाबताच येत नाही, पानाच्या तळाची पट्टी त्याच्यावर येते. नेमकं तेच बटण दाबणारी टेस्ट आमच्याकडे होती आणि ती रोज पास होत होती. मी सेटअपमध्ये एक ओळ वाढवली. उघडलेला ब्राउझर कोणता, हे ड्रायव्हरलाच, म्हणजे टेस्टच्या वतीने ब्राउझर चालवणाऱ्या प्रोग्रामलाच, विचारून लॉगमध्ये छापायचं, एवढंच. फायरफॉक्सच्या रनमध्ये छापलं गेलं ‘क्रोम’.

काही आठवड्यांपूर्वी प्रोजेक्ट मेव्हन या बिल्ड टूलवरून (कोड बांधून टेस्ट चालवणारं साधन) ग्रेडल या दुसऱ्या बिल्ड टूलवर हलवला होता. कमांडमधलं टूलचं नाव बदललं, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवलं. कोणीच हलगर्जीपणा केला नव्हता, पण एवढे दिवस फायरफॉक्सवर एकही टेस्ट चालली नव्हती. ऑटोमेशनमध्ये नव्याने येणाऱ्यांना ही गोष्ट कुणी नीट उलगडून सांगत नाही, म्हणून हे लिहितेय.

मुळात पॅरामीटर बाहेरून का द्यायचा? ब्राउझरचं नाव, ज्या सर्व्हरवर टेस्ट चालवायच्या त्याचा पत्ता, हेडलेस (खिडकी न दाखवता चालणारा ब्राउझर) हवं की नको, हे कोडमध्ये लिहून ठेवलं तर प्रत्येक बदलासाठी फाइल उघडावी लागते आणि कधीतरी कुणीतरी चुकीची व्हॅल्यू कमिट करतंच. म्हणून व्हॅल्यू कमांडमधून द्यायची आणि जावाच्या टेस्टने ती सिस्टिम प्रॉपर्टी (चालू जावा प्रोग्रामला दिलेली नाव-व्हॅल्यूची जोडी) म्हणून वाचायची. मुलाखतीतही हा प्रश्न हमखास येतो: कोड न बदलता तीच टेस्ट दुसऱ्या ब्राउझरवर कशी चालवाल? बहुतेक जण ‘वजा डी लावून’ (कमांडमध्ये ‘-डीनाव=व्हॅल्यू’ लिहून) म्हणतात आणि थांबतात. खरं उत्तर त्याच्या पुढे सुरू होतं.

कमांड लिहिल्यावर बिल्ड टूल सुरू होतं, ते एका जेव्हीएममध्ये, म्हणजे जावा प्रोग्राम चालवणाऱ्या प्रोसेसमध्ये. टेस्ट चालतात त्या वेगळ्या जेव्हीएममध्ये, बिल्ड टूलने नव्याने सुरू केलेल्या. वजा डी लावून दिलेली व्हॅल्यू आधी पहिल्या जेव्हीएमला मिळते. ती दुसऱ्यापर्यंत जाते की नाही, हे टूलवर अवलंबून असतं. कागदावर दोन चौकोन काढा, मध्ये एक बाण. पॅरामीटरच्या बहुतेक तक्रारी त्या बाणापाशी सुटतात.

मेव्हनमध्ये तो बाण आयता मिळतो. युनिट टेस्ट चालवणारा शुअरफायर प्लगिन आणि इंटिग्रेशन टेस्टचा फेलसेफ, दोघेही कमांडवर वजा डीने दिलेल्या प्रॉपर्टी टेस्टच्या जेव्हीएमला पोचवतात. त्यामुळे ‘एमव्हीएन टेस्ट -डीब्राउझर=फायरफॉक्स’ लिहिलं की कोडमधल्या गेटप्रॉपर्टीला (सिस्टिम प्रॉपर्टी वाचणारी जावाची मेथड) फायरफॉक्स मिळतं, वेगळं काही करावं लागत नाही. पण पॉम, म्हणजे मेव्हनच्या बिल्ड फाइलच्या प्रॉपर्टीज भागात ब्राउझर लिहिलंत आणि कमांडवर काहीच दिलं नाहीत, तर टेस्टला नल (म्हणजे व्हॅल्यूच नाही) मिळेल. तो भाग पॉमच्या आतल्या वापरासाठी असतो. तिथली व्हॅल्यू टेस्टपर्यंत न्यायची तर शुअरफायरच्या कॉन्फिगरेशनमध्ये सिस्टिमप्रॉपर्टीव्हेरिएबल्स या टॅगखाली ती लिहावी लागते. मला ही व्यवस्था आवडते: नेहमीची व्हॅल्यू पॉममध्ये दिसते आणि कमांडवर दुसरी दिली तर कमांडवरचीच लागू होते.

ग्रेडलमध्ये बाण आपण काढायचा असतो. ‘ग्रेडल टेस्ट -डीब्राउझर=फायरफॉक्स’ लिहिलं तर व्हॅल्यू ग्रेडलच्या स्वतःच्या जेव्हीएममध्ये जाते आणि तिथेच राहते. बिल्ड फाइलच्या टेस्ट ब्लॉकमध्ये सिस्टिमप्रॉपर्टी ही ओळ लिहून ती पुढे सोपवावी लागते. आमच्याकडे ती ओळ नव्हती. कोडमध्ये मात्र ‘ब्राउझर नसेल तर क्रोम घे’ असा डिफॉल्ट होता, त्यामुळे कुठे एररही आली नाही. डिफॉल्ट नसता तर पहिल्याच रात्री सूट पडली असती आणि सकाळी कळलं असतं. ग्रेडलच्या सगळ्या सिस्टिम प्रॉपर्टी घाऊक टेस्टला देऊन टाकणारी एक ओळ बऱ्याच जणांच्या बिल्ड फाइलमध्ये दिसते. ती वापरू नका. तिच्याबरोबर ग्रेडलच्या जेव्हीएमच्या अंतर्गत प्रॉपर्टीही टेस्टमध्ये येतात. लागतील तेवढ्याच, नावानिशी द्या.

ग्रेडलची आणखी एक सवय माहीत असू द्या. कोड आणि दिलेल्या व्हॅल्यू बदलल्या नसतील, तर आधी पास झालेलं टेस्ट टास्क ते पुन्हा चालवतच नाही, ‘अप टू डेट’ म्हणून पुढे जातं. सर्व्हरवर नवा बिल्ड चढला हे त्याला कळणार कसं? अशा वेळी मुद्दाम चालवायला लावावं लागतं. 7.6 आवृत्तीपासून त्यासाठी ‘--रीरन’ हा पर्याय टास्कला लावता येतो.

टर्मिनलचा गोंधळ वेगळाच. माझ्या टीममध्ये नव्याने आलेल्या एका मुलीकडे कमांड चालत नव्हती, माझ्याकडे चालत होती. अक्षर न् अक्षर सारखं. तिच्या स्क्रीनवर मेव्हन म्हणत होतं, अननोन लाइफसायकल फेज (असा बिल्डचा टप्पा माहीत नाही), आणि पुढे अवतरणात ‘.यूआरएल=’पासूनचा तुकडा. सुरुवातीच्या त्या टिंबावरून उलगडा झाला. प्रॉपर्टीचं नाव ॲप डॉट यूआरएल होतं आणि ती विंडोजवर पॉवरशेल हे शेल (टाइप केलेली कमांड वाचणारा प्रोग्राम) वापरत होती. पॉवरशेल असं आर्ग्युमेंट टिंबापाशी तोडतं, त्यामुळे मेव्हनला दोन तुकडे मिळाले आणि दुसरा त्याने फेजचं नाव समजला. वजा डीपासून शेवटपर्यंत सगळं अवतरणात घातलं आणि सूट सुरू झाली. लिनक्सवरच्या नेहमीच्या शेलमध्ये हे होत नाही, पण पत्त्यात अँपरसँड असेल तर तिथेही शेल कमांड त्या चिन्हापाशीच तोडतं. अवतरण लावायची सवय दोन्हीकडे कामाला येते.

जेनकिन्ससारख्या, बिल्ड आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर पॅरामीटरचा रकाना रिकामा ठेवून बिल्ड सुरू केला, की कमांडमध्ये बरोबरच्या चिन्हापुढे काहीच उरत नाही. अशा वेळी टेस्टला नल मिळत नाही, रिकामी स्ट्रिंग मिळते. गेटप्रॉपर्टीला दिलेला डिफॉल्ट फक्त प्रॉपर्टी अजिबात नसेल तेव्हाच लागू होतो, म्हणून इथे तो उपयोगी पडत नाही. रिकामी स्ट्रिंग वेगळी तपासा.

पासवर्ड मात्र वजा डीने कधीच देऊ नका. चालू प्रोसेसची यादी पाहणाऱ्याला कमांड जशीच्या तशी दिसू शकते, हे एक. दुसरं फार कमी जणांच्या लक्षात येतं: शुअरफायर टेस्टचा एक्सएमएल रिपोर्ट लिहितो, त्यात सुरुवातीलाच सगळ्या सिस्टिम प्रॉपर्टी व्हॅल्यूसकट असतात. तो रिपोर्ट पाइपलाइन (सर्व्हरवर आपोआप चालणारी बिल्डच्या पायऱ्यांची साखळी) जपून ठेवते, लोक ईमेलला जोडतात. टार्गेट फोल्डरमधल्या शुअरफायर-रिपोर्ट्समधली एखादी फाइल आजच उघडून बघा. गुप्त गोष्टी पाइपलाइनच्या क्रेडेन्शियलमध्ये ठेवा आणि टेस्टमध्ये एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणून वाचा.

त्या प्रकरणानंतर आम्ही सेटअप बदलला. ब्राउझरचं नाव आता एनममध्ये (ठरावीक नावांचीच यादी असलेला जावाचा टाइप) बदलून घेतो. ओळखीचं नाव नसेल, स्पेलिंग चुकलं असेल किंवा रकाना रिकामा असेल, तर पहिली टेस्ट सुरू व्हायच्या आधीच रन थांबतो आणि कोणती व्हॅल्यू आली ते सांगतो. डिफॉल्ट आम्ही काढूनच टाकला. टीममधल्या काहींना ते जाचक वाटलं, कारण आता आयडीईमधून एखादी टेस्ट चालवतानाही रन कॉन्फिगरेशनमध्ये व्हीएम ऑप्शन (तोच वजा डी) भरावा लागतो. मला ती किंमत मान्य आहे. शिवाय मागितलेला ब्राउझर आणि ड्रायव्हरने सांगितलेला ब्राउझर, दोन्ही नावं रिपोर्टमध्ये वरच छापतो आणि ती जुळली नाहीत तर रन फेल करतो.

नव्या प्रोजेक्टवर गेलात की पहिल्याच दिवशी कमांडमध्ये ब्राउझरच्या जागी अस्तित्वात नसलेलं काहीतरी नाव लिहा आणि सूट चालवा. ती पास झाली, तर तुमची व्हॅल्यू टेस्टपर्यंत पोचत नाहीये किंवा कोड ती तपासत नाहीये. मग बिल्ड फाइल उघडून तो बाण शोधायला बसा.