जुन्या संगणकावरचा दोष मान्य प्रणालीवर घडवून दाखवा
सांगलीच्या मार्केट यार्डातील आमच्या हळदीच्या अडत दुकानात हिशेबाचे सॉफ्टवेअर अजूनही विंडोज ७ वर चालते, कारण वजनकाट्याची जुनी जोडणी नव्या संगणकावर बसत नाही. शेतकऱ्याची हिशेबपट्टी छापताना ते अडकले, की सॉफ्टवेअर कंपनीच्या मदत केंद्राकडून एकच उत्तर येई : तुमची ऑपरेटिंग सिस्टीम आमच्या मान्य प्रणालींच्या यादीत नाही. वार्षिक देखभालीचे पैसे घेताना मात्र ही यादी कोणाला आठवली नव्हती. तरीही त्यांची बाजू अगदीच खोटी म्हणता येत नाही. विंडोज ७ चा नियमित पाठिंबा १४ जानेवारी २०२० रोजीच संपला, आणि ज्या प्रणालीवर कंपनी चाचणी घेत नाही, तिच्यावरील दोषाची हमी ती देणार नाही.

म्हणून वाद घालण्याऐवजी विंडोज ११ असलेला एखादा संगणक, किंवा व्हर्च्युअलबॉक्ससारख्या प्रोग्रॅममध्ये उभारलेला आभासी संगणक (म्हणजे एका संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक) घ्यावा, त्यावर सॉफ्टवेअरची तीच आवृत्ती बसवावी आणि मूळ माहितीला हात न लावता बॅकअपची प्रत उघडून तीच पट्टी छापून पाहावी. (परवाना एकाच संगणकापुरता असेल, तर चाचणीची परवानगी आधी मागावी.) दोष तेथेही आला, तर त्रुटीचा संदेश, आवृत्ती क्रमांक आणि केलेल्या पायऱ्या ईमेलने लेखी कळवाव्यात, फोनवर सांगितलेले पुढच्या माणसापर्यंत क्वचितच पोहोचते. दोष आला नाही, तर खोट आपल्या जुन्या प्रणालीत किंवा प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, शोधावी. जुना संगणक ठेवायचाच असेल, तर पाठिंबा संपल्याने तो असुरक्षित असतो, म्हणून त्याचे इंटरनेट तोडावे.