नोकरी गेली? पहिल्या सहा महिन्यांत या चुका टाळा

नोकरी गेल्यावरचं बहुतेक नुकसान दोन टप्प्यांत होतं. पहिल्या पंधरवड्यात माणूस घाईने सह्या करतो आणि घाईने पैसे अडकवतो. पुढच्या महिन्यांत बँकेशी बोलायला, ओळखीच्यांना सांगायला, मदत मागायला उशीर करतो. चाकण, हिंजवडी, ठाणे, अंबड अशा पट्ट्यांत खासगी कंपनीत काम करणाऱ्या, घरी हप्ते आणि शाळेची फी असलेल्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून या चुका लिहिल्या आहेत.

समोर ठेवलेल्या कागदावर तिथेच सही करणं

सगळ्यात महाग चूक ही आहे. अचानक मीटिंग लागते, लॅपटॉप जमा करायला सांगतात आणि म्हणतात, "राजीनामा द्या, रेकॉर्ड स्वच्छ राहील. नाहीतर टर्मिनेशन लागेल." आधीच धसका बसलेला असतो, त्यामुळे माणूस सही करून मोकळा होतो. पण राजीनामा म्हणजे तुम्ही स्वतःहून सोडलंत. कंपनीने नोकरकपात केली, तर किमान वर्षभर सेवा झालेल्या कामगाराला महिन्याची नोटीस किंवा तिच्या बदल्यात पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार एवढी भरपाई कायद्याने मिळते. राजीनामा दिल्यावर हा दावा कमकुवत होतो. "मी एक्झिक्युटिव्ह आहे, मला कामगार कायदा कुठला लागू" असं परस्पर ठरवू नका. पदाच्या नावापेक्षा तुम्ही प्रत्यक्ष काय काम करत होता, याला जास्त वजन असतं.

तिथे एकच वाक्य म्हणायचं: "मसुदा ईमेलवर पाठवा, वाचून दोन दिवसांत कळवतो." त्याच संध्याकाळी मीटिंगमध्ये कोण काय म्हणालं ते स्वतःच्या ईमेलवरून एचआरला लिहून पाठवा. आवाज चढवायचा नाही, फक्त नोंद करायची. रक्कम चांगली असेल तर राजीनामा देणंही शहाणपणाचं ठरू शकतं, पण तेव्हा पत्रात "कंपनीच्या सूचनेनुसार" हे शब्द, रक्कम आणि ती मिळण्याची तारीख असू द्या. सल्ल्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना तिथे मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

लॅपटॉप देण्याआधी नेमणूकपत्र, पगारवाढीची पत्रं, शेवटच्या किमान सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ आणि मेडिक्लेमचं कार्ड स्वतःच्या ईमेलवर घ्या. कंपनीच्या कामाच्या फाइल्स मात्र घेऊ नका. त्या एका कारणावरून हिशेब अडवला जाऊ शकतो.

फुल अँड फायनलचा आकडा न तपासता स्वीकारणं

हिशेबाच्या कागदात किमान या ओळी शोधा: शेवटच्या दिवसापर्यंतचा पगार, नोटिशीचा पगार, शिल्लक रजांचे पैसे, बाकी बोनस किंवा इन्सेन्टिव्ह, ग्रॅच्युइटी, आणि कपातींची कारणं. ग्रॅच्युइटी साधारणपणे सलग पाच वर्षांच्या सेवेनंतर मिळते. सूत्र साधारण असं: शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं, भागिले २६. सहा महिन्यांपेक्षा जास्त उरलेला काळ पूर्ण वर्ष धरतात. म्हणजे मूळ वेतन ४२,००० आणि सेवा ९ वर्षं ७ महिने असेल तर १० वर्षं धरून साधारण २,४२,३०८ रुपये होतात. इथे लोक दोन ठिकाणी चुकतात. एक तर पूर्ण सीटीसीवर (कंपनी तुमच्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चावर) हिशेब करून निराश होतात, नाहीतर "ग्रॅच्युइटी सीटीसीत धरलेलीच होती" हे ऐकून गप्प बसतात. ती सीटीसीत दाखवली असली तरी आतापर्यंत हातात पडलेली नसते. ती देय झाल्यापासून ३० दिवसांत मिळायला हवी, म्हणून मागणीचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत होता आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जात होता, तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना पाहा. अटी पूर्ण होत असतील तर आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त ९० दिवस, सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मी रक्कम मिळते. ही योजना मुदतवाढीवर चालत आली आहे, म्हणून अर्जाआधी ईएसआयच्या शाखेत जाऊन ती सध्या चालू असल्याची खात्री करा. गैरवर्तनाची शिक्षा म्हणून काढलं असेल किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल तर ती मिळत नाही. राजीनाम्याच्या कागदावर कारण काय लिहिलं जातं, हे इथेही महत्त्वाचं ठरतं.

पीएफ मोडून घर चालवणं

पाच वर्षांची सलग सेवा होण्याआधी पीएफ काढला तर तो साधारणपणे करपात्र होतो, आणि रक्कम ५०,००० च्या वर असेल तर पॅन जोडलेला असतानाही १० टक्के टीडीएस कापला जाऊ शकतो. त्याहून मोठा तोटा पेन्शनचा आहे. ईपीएसमध्ये (पीएफसोबतच्या पेन्शन योजनेत) १० वर्षं भरली की पेन्शनचा हक्क तयार होतो. सात वर्षं झालेल्या माणसाने पेन्शनचे पैसे उचलले की ती सात वर्षं मोजणीतून गेली. त्याऐवजी फॉर्म १०-सी भरून स्कीम सर्टिफिकेट घेतलं तर ती पुढच्या नोकरीत जोडली जातात.

दावे अडकतात त्यामागे अनेकदा नोकरी सोडल्याची तारीख नोंदलेली नसणं, हे कारण असतं. कंपनी ती भरत नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) पोर्टलवर 'मार्क एग्झिट'मधून स्वतः भरता येते. आधार, पॅन आणि बँक खात्यावरचं नाव अक्षरनअक्षर जुळतंय का, हेही आताच पाहून घ्या.

मेडिक्लेम संपल्याचं हॉस्पिटलच्या काउंटरवर कळणं

कंपनीचा गट विमा बहुतेक ठिकाणी शेवटच्या कामाच्या दिवशीच थांबतो. त्या आधीच विमा कंपनीला लेखी विचारा की याच कव्हरवरून वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का. तसं जमलं तर आधीच्या आजारांसाठीच्या प्रतीक्षेत जुना काळ धरला जातो. नव्याने पॉलिसी घेतली तर पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही आणि मधुमेह-रक्तदाबासारख्या जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. घरात आई-वडील असतील तर हे काम सगळ्यात आधी करा.

हप्ता चुकल्यावर बँकेत जाणं

बँकेत हप्ता चुकण्याआधी जायचं. ९० दिवस थकलं की खातं एनपीए (थकीत कर्ज) होतं आणि तोवर क्रेडिट स्कोअर पडलेला असतो. पहिलाच हप्ता जड जाणार असं दिसताच शाखेत लेखी अर्ज द्या: नोकरी गेल्याचं पत्र जोडा आणि मुदत वाढवून हप्ता कमी करून मागा. बँक हो म्हणेलच असं नाही, पण चांगला रेकॉर्ड हातात असताना मागणं आणि तीन हप्ते थकल्यावर मागणं यांत मोठा फरक आहे. क्रेडिट कार्डाचं 'मिनिमम ड्यू' भरून गाडी ढकलू नका. दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागलं तर वर्षाचे चाळीस टक्क्यांच्या वर होतात.

हिशेबाची रक्कम आली की आधी घराचा महिन्याचा किमान खर्च काढा: किराणा, भाडं किंवा हप्ता, फी, औषधं, वीज, प्रवास. रकमेला त्याने भागा. जे उत्तर येईल तेवढे महिने तुमच्या हातात आहेत. सहा महिन्यांचा खर्च वेगवेगळ्या मुदतींच्या छोट्या एफडींत ठेवा, म्हणजे एक मोडली तरी बाकीच्या चालू राहतात.

याच पैशावर दोन गोष्टी टपलेल्या असतात. पहिली म्हणजे शेअर बाजारातलं फ्युचर्स-ऑप्शन्स. सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. "घरबसल्या महिना पन्नास हजार" म्हणणाऱ्या क्लासकडे जाण्याआधी हा आकडा घरच्यांना वाचून दाखवा. दुसरी गोष्ट म्हणजे चहाची किंवा खाद्यपदार्थांची फ्रँचायझी. धंदा वाईट नसतो, पण डिपॉझिट, फर्निचर आणि सहा महिन्यांचं भाडं यांतच सगळी पुंजी संपते आणि खेळतं भांडवल राहत नाही. शिवाय सरकारी अनुदानाच्या योजना, केंद्राचा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम (पीएमईजीपी) किंवा राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, नव्या उद्योगासाठी आहेत. आधी स्वतःच्या पैशाने दुकान थाटून नंतर अर्ज केला की तो नाकारला जातो. क्रम उलटा ठेवा: जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी, मग प्रकल्प अहवाल, मग बँकेची मंजुरी, आणि त्यानंतरच जागेचा करार. पीएमईजीपीचं अनुदान रोख हातात येत नाही, ते बँकेत तीन वर्षं ठेवीत अडकलेलं असतं, हेही गणितात धरा.

घरी न सांगता रोज डबा घेऊन बाहेर पडणं

हे फार घरांत घडतं. एक तर खर्च तसाच चालू राहतो, आणि नोकरी शोधायला ज्यांची मदत होईल ती घरची, माहेरची, सासरची माणसं अंधारात राहतात. पहिल्या आठवड्यातच सांगा, आणि सांगताना वरचा महिन्यांचा आकडा सोबत ठेवा. "पाच महिन्यांचा खर्च बाजूला आहे" हे ऐकलं की घरच्यांची अर्धी भीती जाते. मुलांनाही वयाप्रमाणे सांगा, त्यांना घरातलं वातावरण कळतंच.

"काहीही काम असलं तर सांगा"

हा मेसेज दोनशे जणांना गेला तरी कोणी काही करू शकत नाही, कारण कोणाला काय विचारायचं हे त्याला कळत नाही. एका माणसाला एक काम सांगा. उदाहरणार्थ:

"नमस्कार सर. मार्चअखेर आमचा विभाग बंद झाला. १२ वर्षं प्लास्टिक मोल्डिंगमध्ये क्वालिटी पाहिली, ऑडिट हाताळले. तुमच्या प्लांटला क्वालिटी इंजिनिअरची जागा निघाल्याचं पाहिलं. एचआरपर्यंत बायोडेटा पोहोचवता येईल का? सोबत जोडला आहे."

असे रोज पाच, त्या त्या माणसासाठी लिहिलेले. आधी जुने सहकारी, मग पुरवठादार आणि ग्राहक कंपन्यांतली माणसं. त्यांनी तुमचं काम डोळ्यांनी पाहिलेलं असतं, आणि नेमकी हीच यादी लोक विसरतात. उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवसांनी एकदाच आठवण द्या.

बायोडेटा दोन पानांत, एका उभ्या रांगेत ठेवा. चौकटी, दोन कॉलम आणि आलेख असले की कंपन्यांची छाननीची सॉफ्टवेअर मजकूर उलटसुलट वाचतात. "जबाबदारी होती" असं लिहिण्यापेक्षा काय बदललं ते लिहा: रिजेक्शन किती टक्क्यांवरून किती टक्क्यांवर आलं, हाताखाली किती माणसं होती. मधला रिकामा काळ खोट्या अनुभवपत्राने झाकू नका. पडताळणीत पीएफची सेवा-नोंद मागतात आणि तारखा तिथे उघड होतात. "कंपनीने विभाग बंद केला" एवढं एक वाक्य पुरतं. त्यानंतर जुन्या साहेबांविषयी एक शब्दही नको.

भीतीपोटी कोर्स, आशेपोटी पैसे

दीड-दोन लाखांचा, "प्लेसमेंट नक्की" म्हणणारा कोर्स घेताना पैसे कोणाला जातात ते पाहा. अनेकदा तुमच्या नावाने वित्तसंस्थेचं कर्ज निघतं आणि कोर्स आवडला नाही तरी हप्ता सुटत नाही. आधी ज्या जागा हव्या आहेत अशा वीस जाहिराती काढा आणि प्रत्येकीत काय कौशल्य मागितलंय त्याच्या खुणा करा. जे कौशल्य दहाच्या वर वेळा येतं आणि तुमच्याकडे नाही, तेवढंच शिका. स्वयम आणि एनपीटीईएलवर शिकणं मोफत आहे, परीक्षेचीच तेवढी फी असते.

नोकरी देण्याआधी नोंदणी, लॅपटॉप, प्रशिक्षण किंवा पडताळणीचे पैसे मागणारा माणूस नोकरी देणार नसतो. परदेशातल्या कामासाठी भरती एजंट ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत आहे का ते पाहा. त्याला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी याहून जास्त घेता येत नाही. पैसे गेलेच तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. उशीर झाला की रक्कम खात्यांतून पुढे निघून जाते.

दिवस रिकामा सोडणं

ही चूक उशिरा दिसते आणि सगळ्यात खोल जाते. ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल गावातली गिरणी १९२९-३० मध्ये बंद झाली. समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि सहकाऱ्यांनी तिथे अभ्यास केला, तेव्हा दिसलं की वेळ भरपूर असूनही ग्रंथालयातून पुस्तकं नेणं कमी झालं आणि रस्त्यावरच्या पुरुषांची चालसुद्धा मंदावली. याहोडांनी पुढे मांडलं की पगाराशिवाय नोकरी आणखी गोष्टी देते: दिवसाला आकार, घराबाहेरची माणसं, सगळ्यांनी मिळून करायचं काम, समाजात ओळख आणि नियमित हालचाल. म्हणून "आयुष्याचा उद्देश काय" या प्रश्नाशी रात्री दोन वाजता झगडण्यापेक्षा यांतलं काय काय गेलंय ते तपासा आणि एकेक परत आणा.

सकाळी ठरलेल्या वेळी अंघोळ करून टेबलाशी बसा. शोधाचं काम चार तास पुरे, दहा तास पोर्टल खालीवर केल्याने अर्ज वाढत नाहीत. दुपारी आठवड्यातून दोनदा असं काम घ्या जिथे कोणी तुमची वाट पाहत असेल: वस्तीतल्या अभ्यासिकेत दहावीचं गणित, सोसायटीचे हिशेब, आयटीआयच्या मुलांना मशीन दाखवणं. पुढे काय करायला आवडेल याची खूणही अनेकदा अशा कामातूनच मिळते, कारण ते करून पाहिलेलं असतं. एखादी दिशा खुणावत असेल तर महिनाभर छोट्या प्रमाणात, पैसे घेऊन करून पाहा. पैसे द्यायला कोणी तयार झालं तर पुढचा विचार करा.

लग्नाकार्याला जाणं टाळू नका. "सध्या काय करता?" याला उत्तर तयार ठेवा: "कपातीत नोकरी गेली, क्वालिटीतलं काम शोधतोय, तुमच्या ओळखीत कोणी आहे का?" झोप, भूक आणि बोलणं दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं असेल, किंवा जगणं नको असा विचार येत असेल, तर थांबू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

नवी नोकरी मिळाल्यावरची चूक

रुजू होताना जुनाच यूएएन द्या, दुसरा काढू देऊ नका. त्याच आर्थिक वर्षातला जुन्या कंपनीतला पगार आणि कापलेला कर नव्या कंपनीला लेखी कळवा. नाहीतर दोन्हीकडे करसवलत पहिल्यापासून मोजली जाते आणि विवरणपत्र भरताना मोठी रक्कम एकदम भरावी लागते.