सवलतीच्या शर्यतीत न उतरता पुस्तकांचं दुकान कसं चालवावं

गिऱ्हाईक पुस्तक उचलतं, मागची किंमत बघतं आणि मोबाइल काढतं. मग, "ऑनलाइन वीस टक्के कमी आहे." अशा वेळी गल्ल्यावरच्या माणसाला हिशेब तोंडपाठ हवा.

छापील किंमत ३०० रुपये आणि वितरकाची सूट ३५ टक्के धरा. प्रत १९५ ला पडली. पूर्ण किमतीला विकली तर १०५ सुटतात, १० टक्के सोडले तर ७५, २० टक्के सोडले तर फक्त ४५. म्हणजे वीस टक्के सवलत देऊन तेवढेच पैसे सुटायला दर तीन प्रतींच्या जागी सात विकाव्या लागतात. गावात तेवढं गिऱ्हाईक आहे का, हे आधी बघा. सवलतीसाठीच नावाजलेलं मुंबईचं स्ट्रँड बुक स्टॉलही २०१८ मध्ये बंद झालं.

भाडं, पगार, वीज मिळून महिन्याचा खर्च ६० हजार असेल आणि विक्रीवर सरासरी ३० टक्के सुटत असतील, तर २ लाखांच्या विक्रीला दुकान बरोबरीत येतं. सरसकट १० टक्के सवलत लावलीत की हाच आकडा २ लाख ७० हजारांवर जातो. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, हे कानाला बरं वाटतं. पण त्यामुळेच भाड्यावर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही. भाडं करासकट धरा. सवलत द्यायचीच तर वाचनालयं, शाळा आणि एकगठ्ठा खरेदीला द्या, तीही रोखीवर. उधारीवर सवलत म्हणजे दोन्हीकडून तोटा.

दुकान बुडतं ते मात्र बहुतेक वेळा फळीवर पडून राहिलेल्या मालाने. म्हणून माल आला की शेवटच्या पानाच्या आतल्या कोपऱ्यात पेन्सिलीने महिना आणि वर्ष लिहा: '६/२५'. पेननं नाही, आणि दुकानाचा शिक्का तर विक्रीच्या वेळीच मारा. शिक्का मारलेली किंवा मुखपृष्ठावर किमतीचं स्टिकर चिकटवलेली प्रत वितरक परत घेत नाही. स्टिकर ओढून काढलं तर लॅमिनेशन सोबत येतं, मग ती प्रत तुमचीच.

नवं पुस्तक पहिल्यांदा तीनच प्रती मागवा. दोन विकल्या गेल्या की लगेच पुन्हा मागणी द्या, तिसरी जाईपर्यंत थांबू नका. जांगडवर, म्हणजे न विकल्यास परत करायच्या बोलीवर, आणलेला माल आणि पक्की खरेदी यांच्या वह्या वेगळ्या ठेवा; एकत्र झाल्या की परतीच्या वेळी भांडण ठरलेलं. परतीची मुदत चलनावर लिहून घ्या आणि मुदत संपायच्या तीन आठवडे आधी फळ्या चाळा. दिवाळी अंकांच्या बाबतीत तर हे तारखेनिशी पाळा. तुळशीची लग्नं लागली की मागणी झपाट्याने उतरते, आणि परतीची बोली न करता घेतलेले गठ्ठे पुढच्या पावसाळ्यात कसरीच्या पोटात जातात.

दर्शनी टेबल कुणाला विकू नका. ब्रिटनमधल्या वॉटरस्टोन्स या साखळीत प्रकाशक पैसे मोजून मोक्याची जागा घेत असत, त्यामुळे सगळ्या दुकानांत तीच पुस्तकं दिसत. जेम्स डॉन्ट २०११ मध्ये साखळीचे प्रमुख म्हणून आले, त्यांनी ती पद्धत बंद केली आणि पुस्तकांची निवड दुकानातल्या माणसांवर सोपवली. परतीचा माल घटला, साखळी सावरली. २०१९ पासून अमेरिकेतल्या बार्न्स अँड नोबलमध्येही त्यांनी हेच केलं. उलट अमेरिकेतल्याच बॉर्डर्स या पुस्तकदुकानांच्या साखळीने २००१ मध्ये आपली ऑनलाइन विक्री ॲमेझॉनच्याच हाती दिली होती; २०११ मध्ये ती साखळी मिटली. तुमच्या टेबलावर पस्तीस-चाळीस पुस्तकं मुखपृष्ठ वर करून ठेवा. पंधरा दिवसांत जे कुणी हातातही घेतलं नाही ते फळीवर उभं करा.

गल्ल्याशेजारी मागणीची वही हवीच. जे मागितलं आणि नव्हतं, ते लिहायचं: पुस्तक, लेखक, गिऱ्हाइकाचा फोन, तारीख. एकच नाव तिसऱ्यांदा आलं की ते कायम ठेवायचं पुस्तक. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकबाजारातून संध्याकाळपर्यंत प्रत आणता येते; तालुक्याच्या गावी आठवड्याचे दोन वार ठरवा आणि गिऱ्हाइकाला तोच वार सांगा. 'उद्या येईल' असं सांगून चार दिवस लावले, तर ते तुमच्यासमोरच मोबाइलवरून मागवील आणि त्यात त्याची चूक नाही.

व्हॉट्सॲपवर मागणी घेत असाल तर पैसे आल्याशिवाय पार्सल बांधू नका. पुस्तक आधी प्लास्टिकमध्ये गुंडाळा, मग दोन्ही बाजूंना पुस्तकापेक्षा बोटभर मोठे पुठ्ठे लावा. पुठ्ठा पुस्तकाएवढाच कापला तर कोपरे वाटेत दुमडतात आणि तक्रार येते ती नेमकी कोपऱ्यांचीच. सुतळी पुठ्ठ्यावरून बांधा. नुसत्या पुस्तकावर आवळलेली सुतळी पानांच्या कडा कापते.