दिसतं १९५२चं, छापलंय परवा: बेसबॉल कार्डाची किंमत कशी काढावी

अमेरिकेहून सुट्टीला आलेल्या भाच्यानं दिलेलं असो, नाहीतर पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात पोस्टकार्डांच्या गठ्ठ्यात सापडलेलं असो, बेसबॉलचं जुनाट दिसणारं कार्ड हाती आलं की ‘किती येतील?’ हाच प्रश्न पहिला निघतो. त्याच्या आधी दुसरं ठरवावं लागतं: हे छापलं कधी?

जुन्या धाटणीची कार्डं आज सर्रास छापली जातात आणि त्यात फसवणूक नसते. टॉप्स या अमेरिकी कार्ड कंपनीची ‘हेरिटेज’ मालिका २००१मध्ये १९५२च्या नमुन्यावर सुरू झाली. २००२ला १९५३चा नमुना, असं ती दरवर्षी ४९ वर्षं मागचं रूप घेते. ‘ॲलन अँड गिंटर’ हे एकोणिसाव्या शतकातल्या सिगारेट कंपनीचं नाव टॉप्सनं २००६मध्ये परत आणलं. आणि तिसरा प्रकार जाहिरातीचा: स्टेडियमच्या दारात फुकट वाटलेली किंवा एखाद्या दुकानानं खरेदीवर दिलेली कार्डं. आपल्याकडे हीसुद्धा येऊन पोचतात.

तपासणी मागच्या बाजूनं सुरू करा. नव्या कार्डांवर बारीक अक्षरांत © आणि साल असतं. बऱ्याचदा काम तिथेच संपतं. साल खोडलेलं किंवा घासलेलं असेल तर खुणा शोधा. निळ्या-लाल चौकटीत पांढऱ्या फलंदाजाची आकृती, म्हणजे मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेचं बोधचिन्ह, १९६९च्या हंगामापासून वापरात आलं. ते छापलेलं कार्ड १९५२चं असूच शकत नाही. वेबसाइटचा पत्ता किंवा बारकोड दिसला तर पुढे बघायचीही गरज नाही.

मग मोजपट्टी. आजचं नेहमीचं कार्ड ६३.५ बाय ८८.९ मिलिमीटर. टॉप्सचं १९५२चं मूळ कार्ड मोठं, साधारण ६६.७ बाय ९५.३. १९०९ ते १९११ दरम्यान सिगारेटच्या पाकिटात येणारं टी-२०६ चिमुकलं, ३६.५ बाय ६६.७. टॉप्सनं १९८३मध्ये १९५२च्या संचाचं पुनर्मुद्रण काढलं ते आजच्या मापात, त्यामुळे पट्टी लावताच ते ओळखू येतं. पण माप जुळलं म्हणून कार्ड जुनं ठरत नाही: ॲलन अँड गिंटरची आजची ‘मिनी’ कार्डंही जवळपास सिगारेट-कार्डाच्याच मापाची असतात.

आता भिंग. घड्याळजी वापरतात तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि खेळाडूच्या नावाच्या अक्षराची कड बघा. मूळ छपाईत काळं अक्षर सलग शाईचं, कड धारदार. जुन्या कार्डाचा फोटो काढून छापलेली नक्कल असेल तर अक्षरसुद्धा रंगीत ठिपक्यांचं बनलेलं दिसतं आणि कड फाटल्यासारखी. पण हेरिटेजसारख्या मालिकेत अक्षरं नव्यानं जुळवलेली असतात, ती सलगच दिसणार. म्हणजे भिंग नक्कल पकडतं, नवी कार्डं नाही.

अतिनील टॉर्च बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मागा. ३६५ नॅनोमीटरची घ्या, ३९५ची स्वतःच इतका जांभळा उजेड टाकते की काही कळत नाही. कार्ड प्लास्टिकमधून बाहेर काढून अंधारात धरा. कागद धुतलेल्या शर्टासारखा निळसर पांढरा चमकला तर त्यात चकाकी आणणारी रसायनं आहेत, आणि ती कागदात दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास यायला लागली. टी-२०६ चमकलं तर विषय संपला. १९५२च्या कार्डाला ही चाचणी निर्णायक धरू नका.

चहात बुडवून ‘जुनी’ केलेली कार्डंही फिरतात. त्यांचा तपकिरी रंग सगळीकडे सारखा असतो. खरं जुनं कार्ड कोपऱ्यांवर आणि कडांवर जास्त मळतं, मध्ये कमी. होनस वॅगनर या जुन्या दिग्गज खेळाडूचं टी-२०६ किंवा तसाच गाजलेल्या मिकी मँटलचं १९५२चं ३११ नंबरचं कार्ड दिसलं तर नक्कलच धरून चाला. मँटलचं एक कार्ड २०२२मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं, आणि म्हणूनच पुनर्मुद्रणं याच दोघांची सर्वांत जास्त.

छपाई नवी ठरली, आता किंमत. जुन्या रूपाचे पैसे कोणी देत नाही. खेळाडू कोण, प्रती किती, अवस्था कशी, यावर भाव ठरतो. ‘आरसी’ हे चिन्ह, म्हणजे पदार्पणाचं कार्ड, २००६पासून छापतात; शोहेई ओहतानीसारख्या आजच्या मोठ्या खेळाडूचं २०१८चं असेल तर थांबून बघा. ०२५/१९९ असा क्रमांक छापलेला असेल तर एकूण प्रती १९९च. टॉप्सच्या अलीकडच्या कार्डांवर मागे तळाला ‘कोड’ असतो. तेच खेळाडू, तोच क्रमांक, पण फोटो वेगळा असलेली कमी छापलेली आवृत्ती या कोडच्या शेवटच्या आकड्यांवरून ओळखतात. आपल्याकडे हे कोणी बघत नाही, आणि दहा रुपयांच्या ढिगात चांगलं कार्ड राहतं ते यामुळेच.

स्टेडियमच्या कार्डांवर प्रायोजकाचा शिक्का असतो. इंटरनेटवर ती ‘एसजीए’ (स्टेडियम गिव्हअवे) नावानं शोधा. बरीचशी छिद्रांच्या रेघांनी जोडलेल्या पूर्ण पानावर येतात. पान अखंड असेल तर सुटी करू नका. एकदा फाडलं की कडेला दातरे राहतात आणि कार्ड ‘उत्तम’ या वर्गातून कायमचं बाहेर जातं.

भाव बघताना ईबे या विक्रीच्या साइटवर ‘सोल्ड’ची, म्हणजे विकल्या गेलेल्या मालाची, खूण करा. विक्रेत्यानं मागितलेली किंमत म्हणजे त्याचं स्वप्न. शेवटचे पाच-सहा सौदे घ्या, सर्वांत वरचा आणि खालचा सोडा, उरलेल्यांची सरासरी धरा. त्यातून टपाल आणि साइटचं कमिशन वजा करा. समजा, ५ डॉलरचं कार्ड निघालं, तर परदेशी पाठवण्याचा खर्चच त्याहून जास्त. ग्रेडिंगला, म्हणजे अवस्था तपासून १० पैकी गुण देणाऱ्या कंपनीकडे, पाठवायचं असेल तर फी, दोन्हीकडचं टपाल, विमा आणि परत येताना कस्टम हे सगळं मांडा. १० पैकी १० मिळाले तरच नफा, असा हिशेब निघत असेल तर पाठवू नका. पांढऱ्या कडेच्या कार्डावर चित्र डावी-उजवीकडे सरकलेलं असलं तरी १० हातचे जाऊ शकतात.

आणि पुण्यातला पावसाळा. प्रत्येक कार्ड आधी पातळ स्लीव्हमध्ये, मग ३५ पॉइंटच्या (हे जाडीचं माप) टॉपलोडरमध्ये, म्हणजे कडक प्लास्टिकच्या पाकिटात. चिकट पानांचा फोटो अल्बम नको, मऊ पीव्हीसीची पाकिटं नकोत. त्यातला तेलकटपणा काही वर्षांत शाईवर उतरतो. पॉलिप्रॉपिलीन असं स्पष्ट लिहिलेलंच घ्या. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ओल येते, तेव्हा झाकणबंद डब्यात रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून आतल्या खोलीत ठेवा आणि पुड्यांचा रंग बदलला की तापवून परत वाळवा. रबरबँड लावू नका. आणि कौतुकानं कोपऱ्यावरच्या दुकानात नेऊन लॅमिनेशन तर अजिबात करू नका. त्यानंतर ते कार्ड फक्त बुकमार्क म्हणून उरतं.