उधळ्या पुत्राचं कीर्तन: उपासनेआधीची तयारी

चर्चच्या उपासनेत कीर्तन ठेवायचं ठरलं की आधी पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, भेटा. कीर्तन संदेशाच्या, म्हणजे प्रवचनाच्या, जागी असेल तर चाळीस मिनिटं मागून घ्या. संदेशाआधी असेल तर वीस मिनिटांत बसेल एवढंच बांधा. ‘चर्चमध्ये कीर्तन कशाला?’ असं कुणी विचारलं तर प्रेमानं सांगा, की इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात छापलं गेलं आणि ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक स्वतः कीर्तनं करत. ही आपलीच वाट आहे.

मग बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय, अकरा ते बत्तीस वचनं, सगळ्या चमूनं एकत्र बसून मोठ्यानं वाचा. एकदा नव्हे, तीनदा. येशूनं सांगितलेली ही कथा: धाकटा मुलगा वाटणी घेऊन परदेशी सगळं उधळतो, डुकरं चारताना त्यांच्या शेंगांवर पोट भरावंसं वाटण्याइतका उपाशी राहतो आणि घरी परततो. बाप मेजवानी घालतो, पण थोरला भाऊ रागावून बाहेरच थांबतो. ‘मला एका मोलकऱ्यासारखं ठेवा’ हे वाक्य मुलगा मनात जुळवून निघतो, पण बापापुढे ते त्याच्या तोंडून येतच नाही. त्याआधीच बाप चाकरांना अंगरखा आणायला सांगतो. कीर्तनकारानं तिथे खरोखर अर्ध्यावर थांबायचं. हे पाठांतरातून येत नाही, कथा अंगात मुरावी लागते.

पदांना मंडळीच्या ओळखीच्या चाली घ्या, म्हणजे ध्रुपद सगळे उचलतील. कीर्तनकाराची पट्टी पेटीवर आठवडाभर आधी ठरवा. झांजांचे दोन जोड पुरेत. माइक कॉलरचा हवा, कारण कीर्तनकार एका जागी उभा राहणार नाही.

वस्तू थोड्याच आणा. अंगरखा, अंगठी, वहाणा: संडे स्कूलच्या तीन मुलांनी बापाच्या शब्दासरशी एकेक घेऊन यायचं. कथेतल्या शेंगा कॅरोब नावाच्या तिकडच्या झाडाच्या मानतात. आपल्याकडे शेळ्या खातात त्या बाभळीच्या वाळक्या शेंगा मूठभर आणून थाळीत टाका. त्या आवाजानं भूक कळते. खोट्या दाढ्या आणि डुकरांचे मुखवटे नकोत. मुलं हसतात आणि नेमका पश्चात्तापाचा क्षण निसटतो.

सगळ्यात जास्त तयारी थोरल्या भावाची करा. एका वर्षी आम्ही मेजवानीवरच कीर्तन संपवलं, झांजा दणाणल्या, मंडळी खूश झाली. बाहेर पडताना एका आजोबांनी माझा हात धरून विचारलं, “अन् थोरल्याचं काय झालं?” जन्मभर गावाकडची जमीन तेच कसत आले होते. माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

तेव्हापासून तरुण संघातल्या एकाला सुरुवातीपासूनच मुख्य दाराबाहेर, चपलांजवळ उभं करतो. आत मेजवानीचा गजर चढला की तो बाहेरूनच विचारतो, “आत काय चाललंय?” वाद्यं थांबतात. कीर्तनकार व्यासपीठावरून उतरून मधल्या वाटेनं चालत दारापर्यंत जातो आणि त्याची विनवणी करतो. थोरला आत आला की नाही, हे येशूनं सांगितलेलं नाही. तुम्हीही दाखवू नका. लगेच आरती किंवा गीत सुरू करू नका. मिनिटभर शांतता राहू द्या, मग पाळकसाहेब प्रार्थना घेतील.

म्हणून शनिवारी संध्याकाळी रंगीत तालीम घ्या, ती चालण्यासकट. वाटेतल्या वायरी बाजूला करा, माइकचा आवाज दारापर्यंत पोचतो का पाहा, बिजागऱ्यांना तेल घाला. आणि दाराशी उभ्या राहणाऱ्या सेवकाला आधीच सांगून ठेवा, की शेवटी दार लावायचं नाही.